लिस्बनमध्ये बसून पुण्याच्या वेळेत काम: तयारीपासून परतीपर्यंत

2025 च्या मार्च ते जून असे चार महिने मी लिस्बनमध्ये राहून पुण्यातल्या कंपनीचं काम केलं. परत आल्यापासून ओळखीतल्या निदान दहा जणांनी विचारलंय, की हे नेमकं कसं जमवायचं. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठला भाग छान आहे राहायला?" तो प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतो. आधी घड्याळ, मग कंपनीची परवानगी, मग व्हिसा, आणि मग घर. हा क्रम उलटा केला तर पैसे तरी बुडतात किंवा झोप तरी. म्हणून त्याच क्रमाने सांगते.

पहिली पायरी: घड्याळ

भारत आणि लिस्बन यांच्यात हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे येतात. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा लिस्बनमध्ये हिवाळ्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात आणि उन्हाळ्यात साडेपाच. मी मार्चच्या सुरुवातीला पोचले. पहिले चार आठवडे साडेचारला लॉगिन करावं लागलं आणि ते अंगावर आलं. 30 मार्चला वेळ बदलली आणि त्या एका तासाने आयुष्य सोपं झालं. तुमच्या हातात असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात जा.

दहा ते सात अशी भारतीय वेळ असेल तर उन्हाळ्यात लिस्बनमध्ये दुपारी अडीचला काम संपतं. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे रोज सहा तासांचा उजेड तुमच्या हातात राहतो. माझ्या मते भारतातल्या कंपनीत काम करणाऱ्याला लिस्बन सोयीचं पडतं ते यामुळेच. बर्लिन किंवा पॅरिसला हाच दिवस तासाभराने उशिरा सुरू होतो आणि उशिरा संपतो. पहाट ज्यांना अजिबात जमत नाही त्यांनी तिकडेच जावं. ज्यांचे क्लायंट न्यूयॉर्कला आहेत त्यांचं गणित उलटं होतं. तिथले सकाळचे नऊ म्हणजे लिस्बनचे दुपारचे दोन, त्यामुळे सकाळ मोकळी आणि संध्याकाळ कामाची.

जाण्याआधी दोन आठवडे घरीच सराव करा. पहाटे साडेपाचला बसून तुमचं खरं काम करून पाहा. रात्री नऊला झोप येत नसेल तर ते पुण्यातच कळलेलं बरं.

कंपनीची परवानगी, आणि तीही लेखी

मॅनेजर तोंडी "हो, जा की" म्हणाला एवढ्यावर तिकीट काढू नका. एचआरकडून ईमेलवर लेखी संमती घ्या. तिच्यात देश, तारखा, कामाचे तास आणि कंपनीचा लॅपटॉप परदेशी नेण्याची परवानगी या चारही गोष्टी स्पष्ट हव्यात. माहिती-सुरक्षेच्या टीमला वेगळं विचारा. काही क्लायंटच्या करारात डेटा भारताबाहेरून उघडायचा नाही असं कलम असतं आणि ते मॅनेजरलाही माहीत नसतं. माझ्या एका सहकाऱ्याचं खातं परदेशातून लॉगिन केल्याबरोबर आपोआप बंद झालं होतं. ते उघडायला तीन दिवस गेले आणि ते तीन दिवस रजेत धरले गेले.

पुढे व्हिसासाठीही कंपनीचं पत्र लागतं, तेव्हा दोन्ही कामं एकदमच करून घ्या.

व्हिसा: इथे घाई नको

शेंगेनचा, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा पर्यटक व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो. तो फिरण्यासाठी, नातेवाइकांना भेटण्यासाठी असतो. त्यातून काम करण्याचा परवाना मिळत नाही. "लॅपटॉप उघडून दोन मेल पाठवले तर कोण बघतंय" असं पुष्कळ जण म्हणतात. मला तो सल्ला द्यायचा नाही. सुट्टीत एखादी मेल पाहणं वेगळं आणि तीन महिने पूर्णवेळ नोकरी करणं वेगळं. पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जावर आपलं नाव स्वच्छ असणं फार मोलाचं आहे.

पोर्तुगालने 30 ऑक्टोबर 2022 पासून बाहेरच्या देशातल्या मालकासाठी दुरून काम करणाऱ्यांना वेगळा व्हिसा सुरू केला. त्याला सगळे डी-8 म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. एक वर्षापेक्षा कमी, तात्पुरत्या वास्तव्याचा. त्याच्यावर तुम्ही अनेकदा ये-जा करू शकता. दुसरा निवासाचा. तो चार महिन्यांचा असतो आणि तेवढ्या काळात तिथल्या आयमा या स्थलांतर संस्थेकडून निवास परवाना घ्यायचा असतो. (आयमा 2023 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाली. त्याआधी हे काम सेफ नावाचं खातं पाहायचं, त्यामुळे जुन्या माहितीत ते नाव दिसेल.) काही महिन्यांसाठीच जायचं असेल तर पहिला प्रकार घ्या. दुसऱ्यात अपॉइंटमेंटच्या रांगेत जीव टांगणीला लागतो.

मुख्य अट उत्पन्नाची. गेल्या तीन महिन्यांचं सरासरी मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट हवं. 2025 मध्ये किमान वेतन 870 युरो होतं, म्हणजे अट 3,480 युरोंची होती. 2026 साठी वेतन 920 युरो झालं, म्हणजे अट 3,680 युरो. रुपयांत ही रक्कम महिना साडेतीन लाखांच्या वर जाते. ही अट अनेकांना परवडणारी नाही, हे मी उघड सांगते. ज्यांना ती गाठता येत नाही त्यांनी रजा काढून पर्यटक म्हणून जावं आणि काम पुण्यातच ठेवावं.

कागद जमवायला सर्वांत जास्त वेळ जातो, तेव्हा हा क्रम पाळा. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून आधी काढा, कारण त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का घ्यावा लागतो. मग कंपनीचं पत्र आणि नोकरीचा करार. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप आणि बँक स्टेटमेंट. दोन्हींतले आकडे रुपयापर्यंत जुळायला हवेत. भारतात कर भरत असल्याचा पुरावा. आरोग्य विमा, साध्या शेंगेन व्हिसाला निदान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं, इथे त्याहून जास्तीचा आणि पूर्ण मुक्कामाचा घ्या. शेवटी राहण्याच्या जागेचा पुरावा. नवी दिल्लीत पोर्तुगालचा दूतावास आहे आणि पणजीत वाणिज्य वकिलात. आपला पत्ता कोणाच्या कार्यक्षेत्रात येतो ते अर्ज भरण्याआधी पाहून घ्या. मी प्रवासाच्या चार महिने आधी कागद जमवायला लागले आणि त्यातला एकही आठवडा जादा ठरला नाही.

कर आणि पीएफ

हे प्रकरण सीएसोबत एक तास बसून संपवा. आपल्याकडे आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही करासाठी निवासी ठरता. पोर्तुगालमध्ये कोणत्याही 12 महिन्यांत 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलात, किंवा कायमचं घर असल्यासारखं बिऱ्हाड थाटलंत, तर तिथे निवासी धरले जाता. चार महिन्यांचा मुक्काम दिवसांच्या मर्यादेत सहज बसतो, पण तो आर्थिक वर्षाच्या कोणत्या बाजूला पडतो हे मोजा. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. सामाजिक सुरक्षेचाही करार 2017 पासून लागू आहे. त्यामुळे भारतात पीएफ भरणाऱ्याला आपण भारतातच वर्गणी भरतो असं प्रमाणपत्र ईपीएफओकडून घेता येतं. कंपनीच्या एचआरला याची कल्पना नसते, तेव्हा तुम्हीच विषय काढा.

घर: दृश्य बघू नका, टेबल बघा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

लिस्बन म्हटलं की अल्फामा, ग्रासा, बायरू आल्तू यांचे फोटो डोळ्यासमोर येतात. चढ, गच्च्या, तेजू नदी. तिथे फिरायला जा, राहायला नको. बायरू आल्तूत रात्री दोनपर्यंत रस्त्यावर गर्दी असते. अल्फामात दगडी फरसबंदीवरून पर्यटकांच्या बॅगांची चाकं पहाटेपासून खडखडतात. साडेपाचला कामाला बसणाऱ्या माणसाला साडेनऊला झोपायचं असतं. शिवाय जुन्या भागातली घरं पर्यटकांना दिल्यामुळे तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपल्याच गल्लीतलं भाडं परवडेनासं झालंय. लिस्बनकर त्यावर मोर्चे काढतात आणि त्यांचं बरोबर आहे. आपण काही महिने राहणार असू तर रहिवासी भागात, रीतसर करार करून राहणं त्यांच्याही भल्याचं आणि आपल्याही.

मी आल्वालाद भागात राहिले. झाडांचे सरळ रस्ते, कोपऱ्यावर बेकरी, मंडई, आणि मेट्रोची हिरवी लाइन. आरोयुश आणि आंजुश हे भाग जास्त मिश्र वस्तीचे आणि गजबजलेले, तेही हिरव्या लाइनवर. कांपु द ओरीक सुंदर आहे, पण तिथे मेट्रो नाही, ट्रामवर अवलंबून राहावं लागतं. कुटुंबासोबत असाल तर पार्क दश नासोइंश पाहा. 1998 च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला सपाट, नवा भाग आहे, लिफ्ट असलेल्या इमारती मिळतात.

जाहिरातीत टी-0, टी-1 असं लिहिलेलं असतं. टी-1 म्हणजे आपला वन बीएचके, टी-0 म्हणजे एकच खोली. घरमालकाला पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर पाच गोष्टी दाखवायला सांगा. जेवणाचं नव्हे, कामाचं टेबल आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची. राउटर कोणत्या खोलीत आहे. जुन्या घरांच्या दगडी भिंतींतून वायफाय पलीकडे जात नाही. त्याच खोलीत घेतलेली इंटरनेटची वेग-चाचणी. खिडकीबाहेरची, दोरीने किंवा बटणाने खाली येणारी झडप, तिला तिथे एश्तोर म्हणतात; जूनमध्ये रात्री नऊला उजेड असताना ती पाडली की मिट्ट काळोख होतो. आणि पाचवी गोष्ट, भिंतीचे कोपरे. लिस्बनच्या बहुतेक घरांत मध्यवर्ती हीटिंग नसतं. मार्चमध्ये बाहेरपेक्षा घरात जास्त गारठा वाटतो आणि कोपऱ्यांत ओलीची काळी बुरशी धरते. 2025 च्या मार्चमध्ये मार्तिन्यु वादळ आलं, तेव्हा सलग काही दिवस माझे कपडे वाळले नाहीत. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र मागा, बरेच मालक देतात.

घर न पाहता पूर्ण रक्कम पाठवायला सांगणारी जाहिरात कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. पहिले सात दिवस हॉटेल किंवा गेस्टहाउसात काढा आणि घर डोळ्यांनी बघून करार करा. व्हिसाच्या अर्जात निवासाचा पुरावा काय चालेल हे आधीच विचारलेलं असलं की हे जमतं. गेस्टहाउसात दर रात्री माणशी 4 युरोंचा पर्यटक कर लागतो, पण तो सात रात्रींपुरताच.

पोचल्यानंतरचे तीन दिवस

शुक्रवारी पोचा. शनिवार-रविवार बस्तान बसवायला मिळतात. विमानतळ मेट्रोच्या लाल लाइनवरच आहे. मेट्रोच्या स्टेशनावर नावेगान्त कार्ड मिळतं. महिनाभर राहणार असाल तर फोटो आणि पासपोर्ट देऊन नावाचं कार्ड करून घ्या. 40 युरोंत महिनाभर संपूर्ण लिस्बन परिसरातली मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि नदीवरची बोट फिरता येते. फक्त शहरापुरता पास 30 युरोंचा आहे. मी 40 चाच घेतला, कारण सिंत्रा आणि काश्काइश या जवळच्या गावांच्या लोकलही त्यातच येतात.

फोनचं गणित नीट करा. भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या आणि निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचे ओटीपी येणार नाहीत आणि तिथून ते सुरू करणं कटकटीचं होतं. येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. मोबाइल डेटाचं रोमिंग मात्र बंद ठेवा. इंटरनेटसाठी तिथलं प्रीपेड सिम किंवा ई-सिम घ्या. व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे, पण भिंतीतलं सॉकेट दोन गोल भोकांचं. लॅपटॉपच्या तीन पिनांच्या प्लगसाठी दोन अडॅप्टर इथूनच न्या, आणि सोबत एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड. एका अडॅप्टरवर सगळी उपकरणं चालतात.

पैसे काढताना मुल्तिबांकु असं लिहिलेलं बँकेचं मशीन शोधा. पर्यटकांच्या गल्लीतली रंगीत मशीनं जास्त पैसे कापतात. मशीन किंवा दुकानदार "रुपयांत घेऊ की युरोत" असं विचारतो, तेव्हा नेहमी युरो सांगा. छोट्या कॅफेत कधी कधी फक्त तिथल्या बँकेचं कार्ड चालतं, म्हणून खिशात रोख हवी.

कामाचा दिवस कसा लावायचा

मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते आणि बऱ्याच को-वर्किंग जागा नऊला उघडतात. साडेपाचला बसणाऱ्याला त्यांचा सकाळी उपयोग नाही. म्हणून घरातलं टेबल महत्त्वाचं. मी सकाळचे चार तास घरी बसत असे, मग साडेनऊच्या सुमारास बाहेर पडून उरलेलं शांत काम वाचनालयात. कांपु पेकेनूजवळचं पालासियु गाल्वेइयाश हे महापालिकेचं वाचनालय जुन्या वाड्यात आहे, वायफाय आहे, मागे बाग आहे. फक्त तिथे कॉल घेता येत नाहीत, तेव्हा मीटिंग सगळ्या सकाळी लावून घ्या. कॅफेत दीड-दोन तासांपेक्षा जास्त बसू नका आणि गर्दीच्या वेळी लॅपटॉप उघडू नका. एका बिकावर, म्हणजे छोट्या कडक कॉफीवर, चार जणांचं टेबल अडवणं त्या मालकाच्या पोटावर येतं.

एक बारीक गोष्ट मला तिसऱ्या आठवड्यात उमगली. तिथली जेवणाची खानावळ साडेबारा ते तीन चालते. अडीचला काम संपवून पोचलं की मुख्य पदार्थ संपलेले असतात. लिस्बनचे साडेबारा म्हणजे उन्हाळ्यात पुण्याचे पाच. टीम चहाला उठते तेव्हा तुम्ही जेवायला उठा. कॅलेंडरमध्ये तो पाऊण तास कायमचा अडवून ठेवा.

खानावळीत बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कोणी रागावत नाही. शाकाहारी असाल तर "सें कार्न, सें पैश", म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगा. काल्दु वेर्द नावाच्या हिरव्यागार सूपमध्येही सॉसेजची चकती असते. मार्तीं मोनीज भागात कणीक, डाळी, कढीपत्ता सगळं मिळतं. तेल्हेइराशला हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळतं. मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं ते ठिकाण. घरची आठवण अनावर झाली की मी तिथे जात असे.

भाषेला घाबरू नका. किराणा दुकानात बटाटा, पाव, अननस, काजू हे शब्द त्यांना तसेच कळतात, कारण ते त्यांच्याकडूनच गोव्यामार्गे आपल्याकडे आले. घरमालकीण किल्लीला "शाव" म्हणाली तेव्हा आपली चावी मला त्यात ऐकू आली. पहिल्या महिन्याचं भाडं "पगार" करायचं असंही ती म्हणाली. तिथे पगार म्हणजे पैसे चुकते करणं. आभार मानताना बाईने ओब्रिगादा म्हणायचं आणि पुरुषाने ओब्रिगादु.

वीज गेली तर

28 एप्रिल 2025, सोमवार, सकाळी साडेअकरा वाजून गेले होते. पुण्यात चार. मी मीटिंगमध्ये बोलत असताना पडदा गोठला. आधी वाटलं राउटर. मग कळलं, जवळजवळ संपूर्ण पोर्तुगाल आणि स्पेनची वीज गेलीय. थोड्या वेळात मोबाइलचं नेटवर्कही गेलं. मेट्रो बंद, सिग्नल बंद, दुकानांत फक्त रोख. लोक पाणी, मेणबत्त्या आणि बॅटरीवर चालणारे रेडिओ घेत होते. आमच्याकडे रात्री उशिरा दिवे आले. तोपर्यंत पुण्यातल्या टीमला मी जिवंत आहे की नाही हेही कळवता आलं नव्हतं, आणि आईला तर नाहीच.

तेव्हापासून चार गोष्टींची सवय लावली. घरात 100 युरो रोख, सुट्ट्या नोटांत. मोठी पॉवर बँक, नेहमी भरलेली. आठवड्याच्या कामाच्या फायली लॅपटॉपवर उतरवून ठेवलेल्या. आणि टीममधल्या एका व्यक्तीशी आधीच ठरवलेलं, की मी दोन तास गायब झाले तर माझं काम कोणी उचलायचं आणि घरी कोणी फोन करायचा. ही चौथी गोष्ट पहिल्याच दिवशी करा. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो.

दुपार तुमची

आठवड्याच्या दिवशी लांब जाऊ नका. काइश दु सोद्रेहून काशील्यासची बोट दहा मिनिटांत पलीकडच्या काठावर नेते. तिथून मावळतीला लिस्बन बघा. गुल्बेंकियान संस्थेची बाग कामानंतर डोळे मिटून पडायला उत्तम. रोसियु स्टेशनातून सिंत्रा चाळीस मिनिटांवर आहे, पण शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी एकदा अर्धा दिवस रजा टाकून बुधवारी गेले, तसंच करा. 28 नंबरच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात. कंपनीचा लॅपटॉप घेऊन तिच्यात चढू नका. 12 जूनच्या रात्री सांतु अंतोनियूच्या सणाला शहरभर सार्डिन भाजतात आणि गल्लोगल्ली नाच चालतो. 13 तारखेला लिस्बनमध्ये सुट्टी असते, पुण्यात नसते. त्या दिवसाची रजा मार्चमध्येच मागून ठेवा.

निघताना

घर सोडण्याच्या आदल्या दिवशी मालकासमोर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करा आणि विजेच्या, पाण्याच्या मीटरचे फोटो काढा. अनामत रक्कम कोणत्या तारखेला परत येणार ते मेसेजवर लिहून घ्या. माझ्या घरी बुरशीचा एक डाग आधीपासून होता. त्याचा मार्चमधला फोटो होता म्हणून पूर्ण रक्कम मिळाली. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, भाड्याचा करार आणि विम्याची पॉलिसी एकाच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. जुलैमध्ये रिटर्न भरताना सीए दिवस मोजायला बसतो, तेव्हा हेच कागद मागतो.